घरी स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग: त्यासाठी विद्यापीठातले शिक्षक कसे तयार करावेत

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या स्पॅनिश विभागात दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. काहींनी शाळेत परकी भाषा म्हणून स्पॅनिश घेतलेली असते. बाकीचे आजीशी, आईशी लहानपणापासून स्पॅनिश बोलत वाढलेले असतात, पण त्यांचं लिहिणं-वाचणं सगळं इंग्रजीत झालेलं असतं. या दुसऱ्या गटाला तिकडे हेरिटेज स्पीकर म्हणतात, आपण वारसाभाषक म्हणू. 2020च्या जनगणनेत तिथल्या सुमारे 6 कोटी 21 लाख लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली, आणि घरी स्पॅनिश बोलणारे 4 कोटींच्या वर आहेत. असं असूनही नव्या शिक्षकाला मिळणारं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी पहिल्या गटापुरतंच असतं. वर्गात उभं राहिल्यावर त्याला कळतं की समोरचे निम्मे विद्यार्थी आपल्याइतक्याच वेगाने बोलतात आणि तरी परीक्षेत नापास होतात.

नव्या शिक्षकांना, विशेषतः टीचिंग असिस्टंट म्हणून वर्ग घेणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना तयार करण्याचं काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जेएनयू किंवा हैदराबादच्या ईफ्लू या परकीय भाषांच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकून तिकडे संशोधनाला जाणाऱ्यांनीही तो वाचावा, कारण त्यांच्याही हातात लवकरच वर्ग येतो.

सगळ्यात आधी: तुमच्या गावात कोणती स्पॅनिश बोलतात?

प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी हे काम करा. स्टॅनफर्डच्या ग्वादालुपे व्हाल्देस यांनी 2000च्या सुमारास केलेली व्याख्या आजही कामाची आहे: इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालणाऱ्या घरात वाढलेला, ती भाषा बोलणारा किंवा नुसती समजणारा, आणि काही ना काही प्रमाणात द्विभाषिक असलेला विद्यार्थी. ‘नुसती समजणारा’ हा भाग शिक्षकांच्या नजरेतून हमखास सुटतो. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांना असं मूल चांगलं माहीत आहे. आई मराठीत विचारते, ते इंग्रजीत उत्तर देतं, आणि त्याला कळलेलं मात्र सगळं असतं.

मग विभागाच्या परिसराचा एक पानी नकाशा तयार करा. मायामीत क्यूबन घरं पुष्कळ, न्यूयॉर्कमध्ये पोर्तोरिकन आणि डोमिनिकन, वॉशिंग्टनच्या आसपास साल्वादोरियन, शिकागोत मेक्सिकन आणि पोर्तोरिकन शेजारी-शेजारी. न्यू मेक्सिकोत तर 1598 साली आलेल्या वसाहतवाल्यांपासून चालत आलेली जुनी स्पॅनिश अजून काही घरांत आहे. या भेदांचा शिकवण्याशी थेट संबंध येतो. ‘ग्वाग्वा’ म्हणजे कॅरिबियन बेटांवर बस, तर चिलीत तान्हं बाळ. मध्य अमेरिकेतल्या घरांत ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतं आणि क्रियापदाचं रूपही बदलतं. कॅरिबियन बोलीत अवयवाच्या, म्हणजे सिलेबलच्या, शेवटचा ‘स’ पुसट होतो किंवा गळतो, म्हणून तो लिहितानाही गळतो. हे माहीत नसलेला शिक्षक अनेकवचन शिकवत बसतो, आणि विद्यार्थ्याला अनेकवचन येतच असतं.

आणखी एक गोष्ट नकाशावर टाका. ग्वातेमाला किंवा मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या काही कुटुंबांची पहिली भाषा मायन, मिश्तेक किंवा सापोतेक असते. त्या विद्यार्थ्याची स्पॅनिश ही त्याच्या आई-वडिलांचीच दुसरी भाषा. अशा घरात ‘तुमची मातृभाषा स्पॅनिश’ हे वाक्य चुकीचं ठरतं आणि दुखावतंही.

प्रवेश-चाचणी: आडनावावरून वर्ग ठरवू नका

आडनाव गार्सिया म्हणून वारसाभाषकांच्या वर्गात पाठवलं आणि मुलगी चौथ्या पिढीची, तिला स्पॅनिशचं एक वाक्यही येत नाही. किंवा आडनाव पूर्ण इंग्रजी आणि मुलगा आजीच्या घरी वाढलेला. दोन्ही प्रकार दर सत्रात होतात. व्याकरणाची बहुपर्यायी चाचणीही फसते. अस्खलित बोलणारा विद्यार्थी ‘रिकाम्या जागी सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) भरा’ इथे अडतो आणि सुरुवातीच्या वर्गात जाऊन बसतो. दोन आठवड्यांत तो कंटाळतो, चौथ्या आठवड्यात यायचा बंद होतो.

तीन भागांची, चाळीसेक मिनिटांची चाचणी पुरते.

1. आठ-दहा प्रश्नांची माहिती: घरी कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं, इंग्रजी कितव्या वर्षी सुरू झालं, स्पॅनिशमधून शाळा किती वर्षं झाली, आजी-आजोबांचा फोन कोणत्या भाषेत होतो, स्पॅनिशमध्ये शेवटचं काय लिहिलं.
2. शब्द ओळखण्याची यादी. ह्यूस्टन विद्यापीठात मार्ता फेअरक्लो यांनी ही पद्धत वारसाभाषकांवर तपासली. खऱ्या शब्दांत खोटे, पण स्पॅनिशसारखे दिसणारे शब्द मिसळायचे आणि माहीत असलेल्यांवर खूण करायला सांगायचं. खोट्यांवर खूण केली तर गुण वजा. दहा मिनिटांत शब्दसंपत्तीचा अंदाज येतो.
3. वीस मिनिटांचं लेखन. विषय ओळखीचा, पण मत मांडायला लावणारा हवा. ‘माझं कुटुंब’ दिलंत तर सगळे वर्तमानकाळातच लिहितील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

स्थलांतराचा प्रश्न यात कुठेही नको. ‘अमेरिकेत कधी आलात, कसे आलात’ या साध्या वाटणाऱ्या ओळीमुळे कागदपत्रं नसलेल्या घरातला विद्यार्थी घाबरतो आणि कोर्सच घेत नाही. पुढे कुटुंबातल्या व्यक्तीची मुलाखत घेण्याचा गृहपाठ दिलात तरी हीच काळजी घ्या, आणि दुसरा पर्याय नेहमी ठेवा.

सत्राआधीचे तीन दिवस

ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात तीन दिवस मागून घ्या, रोज पाच तास. एका दुपारचं व्याख्यान पुरत नाही, कारण यातला पहिला दिवस माहितीचा नसतोच. तो शिक्षकाच्या कानाचा असतो.

शिक्षक साधारण तीन वाटांनी येतात. स्पेनमधून किंवा लॅटिन अमेरिकेतून शिकून आलेल्यांना विद्यार्थ्यांची भाषा ‘बिघडलेली’ वाटते. स्पॅनिश परकी भाषा म्हणून शिकलेल्यांना व्याकरणाच्या संज्ञा पाठ असतात, पण वर्गातल्या मुलांपुढे बोलताना ते बिचकतात, आणि ती भीती लपवायला नियमांच्या आड जातात. जे स्वतः वारसाभाषक आहेत ते बरेचदा सगळ्यांत कडक असतात, कारण त्यांना लहानपणी तसंच टोकलेलं असतं. या तिघांना एकाच खोलीत बसवून एकच काम द्या.

नव्वद सेकंदांची चार ध्वनिमुद्रणं वाजवा: पोर्तोरिकन घरातली मुलगी, शिकागोचा मेक्सिकन मुलगा, ‘वोस’ वापरणारी साल्वादोरियन आणि एक रेडिओ निवेदक. बोलणारा कोण ते सांगू नका. प्रत्येक मुद्रणानंतर शिक्षकांनी ‘हा किती शिकलेला वाटतो’ ते एका ओळीत लिहायचं. मग तीच मुद्रणं पुन्हा लावा, आणि या वेळी फक्त बोलणाऱ्याने काय साधलं ते लिहायला सांगा: किती काळ वापरले, गोष्ट कशी जोडली, ऐकणाऱ्याला कसं सांभाळलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चर्चा आपोआप सुरू होते. तिला दीड तास द्या, घाई करू नका.

चर्चेत ‘आयगा’, ‘त्रुखे’, ‘आसिना’ ही रूपं हमखास येतात. प्रमाण स्पॅनिशमध्ये त्यांच्या जागी ‘आया’ (असावं), ‘त्राखे’ (मी आणलं), ‘आसी’ (असं) असतं. ही रूपं अमेरिकेत इंग्रजीच्या संगतीने तयार झालेली नाहीत, ती जुन्या स्पॅनिशमधली आहेत. ‘त्रुखे’ ‘डॉन क्विक्झोट’ लिहिणाऱ्या सर्व्हांतेसच्या लेखनातही सापडतं. खेड्यापाड्यांत टिकली आणि शहरी छापील भाषेतून गेली, एवढंच. आपल्याकडे अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प करणारा मास्तर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

इतिहासाची दहा मिनिटंही याच दिवशी ठेवा. टेक्ससमध्ये आणि नैर्ऋत्येकडच्या शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना 1960च्या दशकापर्यंत शिक्षा होत असे. 1968मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा आला. पुढे कॅलिफोर्नियाने 1998च्या जनमतातून, प्रपोझिशन 227ने, द्विभाषिक वर्गांवर कडक मर्यादा घातल्या आणि 2016मध्ये प्रपोझिशन 58ने त्या उठवल्या. म्हणजे आज विशी-बाविशीत असलेल्या तिथल्या विद्यार्थ्याची प्राथमिक शाळा बहुधा त्या मर्यादांच्या काळातली. त्याला लिहिता येत नाही याचं कारण आळस नाही.

टोकण्याऐवजी काय म्हणायचं याचाही सराव करून घ्या, तोंडी, जोडीजोडीने. विद्यार्थी ‘आयगा’ म्हणाला की शिक्षक म्हणेल: “हे रूप मेक्सिकोच्या खेड्यांत सर्रास ऐकू येतं. वर्तमानपत्रात याच जागी ‘आया’ दिसेल. आजच्या उताऱ्यात ते कुठे कुठे आलंय, शोधा.” इतकंच. ‘घरी चालतं, कामाच्या ठिकाणी चालत नाही’ असं सांगणं बरेच जण पुरेसं मानतात. पण जेनिफर लीमन आणि ग्लेन मार्तीनेस यांच्यासारखे अभ्यासक त्याच्याही पुढे जायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. कुणाची बोली कामाच्या ठिकाणची ठरली आणि का, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. त्याला दोन्ही रूपं माहीत असावीत आणि निवड त्याची असावी.

दुसरा दिवस: वही जवळून पाहायची

इथे विद्यार्थ्यांचं खरं लेखन हवं, नावं काढून टाकलेलं. नमुन्यासाठी हे चार ओळींचं लेखन घ्या. उच्चार असा: “मी आब्वेला आसे तामालेस. नोसोत्रोस ले आयुदाबामोस. एया आ बिबिदो आकी मुचोस आन्योस. सी ला नेसेसितास, ते यामा पारा आत्रास.” आजी तामाले करते, आम्ही तिला मदत करायचो, ती इथे बरीच वर्षं राहिली आहे, गरज लागली तर उलट फोन करते.

देवनागरीत यात एकही चूक दिसत नाही, कारण आपण उच्चार लिहिला. विद्यार्थ्यानेही नेमकं तेच केलं आहे. रोमन लिपीत त्याच्या ‘आसे’ला सुरुवातीचा मुका एच नाही आणि सीच्या जागी एस आहे. ‘आयुदाबामोस’मध्ये बीच्या जागी व्ही आहे आणि आघातचिन्ह (जोर कोणत्या अवयवावर ते दाखवणारी तिरकी रेघ) नाही. ‘आ बिबिदो’तल्या ‘आ’ला एच नाही. ‘आकी’वर चिन्ह नाही. नवा शिक्षक इथे लाल पेनाने चार शब्दांवर चार गोल काढतो आणि शेवटच्या ‘यामा पारा आत्रास’वर पाचवा. गोलांनी भरलेला कागद विद्यार्थी बॅगेत कोंबतो आणि पुन्हा उघडत नाही.

शिक्षकांना या गोलांची तीन ढिगांत वाटणी करायला शिकवा. पहिला ढीग लिपीचा: आवाज एक, अक्षरं दोन किंवा मुकं अक्षर. दुसरा बोलीचा: ‘यामा पारा आत्रास’ अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये रुळलेलं आहे, इतर देशांत ‘देवोल्वेर ला यामादा’ म्हणतात. इथे गुण कापायचे नाहीत, पर्याय दाखवायचा. तिसरा ढीग खऱ्या व्याकरणाच्या फटींचा: लिंग-वचनाची सांगड, सब्जंक्टिव्ह, भूतकाळाच्या दोन रूपांतली निवड. या फटी तिसऱ्या पिढीत जास्त दिसतात. वरच्या नमुन्यात तिसरा ढीग पूर्ण रिकामा आहे, हे शिक्षकांच्या लक्षात आणून द्या. पाच गोल काढूनही व्याकरणाची चूक एकही नव्हती.

लिपीच्या ढिगात एकेक शब्द सुधारण्यापेक्षा भरपूर पीक देणारे नियम आधी द्या.

‘आर’वर संपणाऱ्या क्रियापदांच्या अपूर्ण भूतकाळात ‘आबा’ हा शेवट नेहमी बीनेच लिहितात, अपवाद नाही. हा एक नियम वहीतल्या डझनावारी चुका एकदम काढतो.

‘आसेर’ म्हणजे करणे आणि ‘आबेर’ हे सहायक क्रियापद: या दोघांच्या सगळ्या रूपांना एच लागतो. ‘आ’ला एच कधी लावायचा याची कसोटी सोपी आहे. पुढे ‘बिबिदो’, ‘कोमिदो’, ‘दिचो’ यांसारखं कृदन्त असेल तर एच. पुढे नाम, माणूस किंवा मूळ क्रियापद असेल तर नाही. शंका आली तर त्या जागी ‘आबीआ’ घालून वाक्य म्हणून पाहायचं. जमलं, तर एच.

‘बोय आ आसेर’ची गंमत वेगळीच. ‘मी गृहपाठ करणार आहे’ असं लिहिताना विद्यार्थी ‘असणे’चं ‘सेर’ लिहितो, कारण ऐकायला दोन्ही सारखंच. कसोटी: वाक्य साध्या वर्तमानात आणा. ‘आगो’ आलं तर करणे, ‘सोय’ आलं तर असणे.

आघातचिन्हांसाठी एक तासाचं भाषण देऊ नका, ते वाया जातं. नियम तसे तीन ओळींचेच आहेत. शब्द स्वर, एन किंवा एसवर संपला तर आघात उपान्त्य अवयवावर. इतर व्यंजनावर संपला तर शेवटच्या अवयवावर. याविरुद्ध जाणाऱ्या प्रत्येक शब्दावर चिन्ह. अडचण नियमाची नसतेच. विद्यार्थी आघात अचूक उच्चारतो, पण तो कुठे पडला हे त्याला बोटाने दाखवता येत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस फक्त कान तयार करा. शब्द लांबून हाक मारल्यासारखा म्हणायला सांगा, जो अवयव ताणला जातो तिथे आघात. मग जोड्या घ्या. ‘आब्लो’: पहिल्या अवयवावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. अशी दहा-दहा मिनिटांची सहा-आठ सत्रं पुरतात.

एका निबंधावर किती दुरुस्त्या? एक लिपीचा नियम, एक व्याकरणाचा मुद्दा आणि मजकुरावर दोन खरी वाक्यं, एवढ्याच. बाकीच्या चुका शिक्षकाने आपल्या यादीत टिपाव्यात. तीन वह्यांत तीच चूक दिसली की तो पुढच्या आठवड्याचा पाठ.

तिसरा दिवस: पाठ उलट्या दिशेने बांधायचा

परकी भाषा शिकवताना शब्द, मग वाक्य, मग उतारा असा क्रम असतो. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या ओल्गा केगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारसाभाषकांसाठी तो उलटा करायला सांगितला: आधी अख्खा मजकूर, मग त्यातून रूपाकडे. इलिनॉय विद्यापीठातल्या मेलिसा बोल्स यांच्या कामातूनही हेच पुढे येतं. तोंडी, वेळेच्या दबावाखालच्या कामात वारसाभाषक पुढे असतात. नियम ओळखा, नाव सांगा अशा लेखी कामात परकी भाषा म्हणून शिकलेले पुढे. तेव्हा बलस्थानापासून निघायचं.

एक पाठ पूर्ण बांधून दाखवा. दवाखान्याचा विषय उत्तम, कारण यातल्या कितीतरी मुलांनी लहानपणी डॉक्टरसमोर आईचं दुभाषेपण केलेलं असतं. आधी स्थानिक स्पॅनिश रेडिओवरची लसीकरणाची तीन मिनिटांची बातमी ऐकवा आणि मोकळी चर्चा होऊ द्या. इंग्रजी शब्द आले तर येऊ देत. मग दवाखान्याची छापील सूचना वाचा. तीत ‘येने’, ‘फिर्मे’, ‘त्रायगा’ अशी ‘उस्तेद’ची, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ची, आज्ञार्थी रूपं असतात. यातली बरीच मुलं घरी ‘तू’मध्येच वाढलेली असतात, म्हणून ‘येना’, ‘फिर्मा’, ‘त्राए’ त्यांच्या तोंडात बसलेलं असतं. दोन्ही शेजारी लिहून काढायला सांगा. आणि इथे खरी मेख आहे: ‘उस्तेद’ची ही रूपं म्हणजेच सब्जंक्टिव्ह. ज्या प्रकरणाला विद्यार्थी सर्वांत घाबरतात ते इथे गरजेपोटी येतं, नाव न घेता. शेवटी आपल्या आजीच्या दवाखान्यासाठी 120 शब्दांची सूचना लिहायची. संज्ञा त्यानंतर सांगा.

प्रशिक्षणार्थींनी याच सांगाड्यावर स्वतःचा एक पाठ बांधावा आणि पंधरा मिनिटं शिकवून दाखवावा. त्यात नेहमी आढळणारी चूक अशी की शिक्षक मजकूर दोन मिनिटांत उरकून व्याकरणाच्या तक्त्यावर येतो.

मिश्र वर्ग

स्वतंत्र वर्ग भरण्याइतके विद्यार्थी नसले की दोन्ही गट एकत्र बसतात, आणि बहुतेक नव्या शिक्षकांच्या वाट्याला हाच वर्ग येतो. इथली मोठी चूक म्हणजे वारसाभाषकाला बिनपगारी मदतनीस करणं. फक्त बोलण्याचं काम दिलं तर फायदा बहुतांशी दुसऱ्याचा होतो. जोडीच्या कामात लेखन आणा, म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून होते: एकाला वाक्प्रचार येतो, दुसऱ्याला एच कुठे लागतो ते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं वेगळं काम द्या. आणि ‘तुला काय, आयते गुण मिळणार’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून कधीही येऊ नये.

सत्र सुरू झाल्यावर

पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास भेट. अर्ध्या भेटीत प्रत्येकाने एक वही आणायची आणि तीन ढिगांची वाटणी सगळ्यांनी मिळून करायची. शिक्षकांची मतं इथे जुळायला वेळ लागतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत मतभेद राहिले तरी बिघडत नाही.

प्रत्येकाचा वर्ग दोनदा पाहा, चौथ्या आणि दहाव्या आठवड्यात. निरीक्षणाच्या लांबलचक छापील अर्जाऐवजी तीनच गोष्टी मोजा: शिक्षक किती मिनिटं बोलला, विद्यार्थ्याचं वाक्य मध्येच किती वेळा तोडलं, आणि किती वेळ सुट्या वाक्यांवर गेला. आकडे त्याच दिवशी शिक्षकाला द्या, शेरा न मारता. दहाव्या आठवड्यात मध्येच तोडण्याचा आकडा खाली आला नसेल, तर पहिल्या दिवसाचा ध्वनिमुद्रणाचा तास त्या एकट्यासोबत पुन्हा करा.

विद्यार्थ्यांकडून पहिल्या आणि चौदाव्या आठवड्यात एकाच धर्तीच्या विषयावर वीस मिनिटांचं लेखन घ्या. लांबी, वाक्यं जोडणारे शब्द, ‘आबा’, एच आणि भूतकाळी क्रियापदांवरची आघातचिन्हं एवढंच मोजा. सोबत एक प्रश्न विचारा: गेल्या तीन महिन्यांत घरी स्पॅनिश बोलणं वाढलं की कमी झालं? चिन्हं सुधारली आणि बोलणं घटलं, तर त्या वर्गात टोकाटोकी झाली आहे, शिक्षकाशी बोला. नावं काढलेले कागद, प्रश्नाची उत्तरं आणि शिक्षकाची चुकांची यादी एका फाइलमध्ये ठेवून ती पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या तुकडीच्या दुसऱ्या दिवसासाठी द्या.